बाबांचं नाव ‘नुसतं घालून’ ठेवू नका

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची, आता अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे. नवरा जन्मानं अमेरिकन. आम्ही न्यू जर्सीत राहतो. गावी गूळ पावडरीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची आहे. एक डायरेक्टर भारतातला लागतो म्हणे. ७४ वर्षांच्या बाबांचं नाव नुसतं घालून ठेवलं तर चालेल का?

उत्तर : ताई, आधी कागदांचं सांगते, कारण तिथंच महिने जातात. तुमचा आणि जावईबापूंचा पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा तिथल्या नोटरीकडून साक्षांकित करून त्यावर अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरावा म्हणून मिळणारा सरकारी दाखला) घ्या. न्यू जर्सीत ते ट्रेझरी विभाग देतो. माझ्या एका अशिलाच्या पासपोर्टवर मधलं नाव पूर्ण होतं, बँक स्टेटमेंटवर नुसतं आद्याक्षर. कंपनी नोंदणीचा फॉर्म परत आला. दुरुस्त कागद अपोस्टिल होऊन येईपर्यंत स्टेटमेंट दोन महिन्यांपेक्षा जुनं झालं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा दोन्ही कागद शेजारी ठेवून नावातलं अक्षर न् अक्षर ताडून बघा.

अन्नप्रक्रियेत १०० टक्के परकीय गुंतवणूक सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय थेट चालते. जावईबापूंचे पैसे बँकेमार्फतच येऊ देत आणि शेअर दिल्यापासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर (परकीय गुंतवणूक रिझर्व्ह बँकेला कळवायचा फॉर्म) भरा. ओसीआय म्हणून तुमचा वाटा देशी गुंतवणुकीसारखा धरता येतो, पण मग ते पैसे परत नेताना मर्यादा येते. शेतजमीन विकत घ्यायचा विचार सोडा. गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत भाड्यानं जागा बघा.

आता बाबा. कंपनी कायद्यातलं कलम १४९(३) नागरिकत्व बघत नाही, मुक्काम बघतं : एका तरी डायरेक्टरचा आर्थिक वर्षात किमान १८२ दिवस भारतात मुक्काम हवा. पहिल्या वर्षी हे दिवस कंपनी निघाल्यापासूनच्या प्रमाणात मोजतात. तुम्ही स्वतः तेवढं राहणार असाल तर बाबांची गरजच नाही. नाहीतर त्यांना घ्या, पण सगळं समजावून. सलग तीन वर्षं कंपनीची वार्षिक विवरणपत्रं भरायची राहिली तर डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो, बाबासुद्धा. डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते) अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये पडून राहतं, असं मी फार ठिकाणी पाहिलंय. ते बाबांच्या कपाटात ठेवा, आणि कुठल्या कागदावर सही होतेय ते प्रत्येक वेळी फोनवर त्यांना मराठीत वाचून दाखवा.