प्रायमरी आणि सेकंडरी

चि.स अनेक उत्तम आशीर्वाद,

एमआरची, डॉक्टरांकडे फिरून कंपनीची औषधं खपवायची, नोकरी सोडून खानदेशात स्वतःच्या लेबलची जेनेरिक औषधं काढायची म्हणतोस. काढ. कारखान्याच्या नादाला मात्र आत्ताच लागू नकोस. हिमाचलातल्या बद्दीला थर्ड पार्टीवर, म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात, गोळ्या करून घे. पॅन्टोप्राझोल ही आम्लपित्ताची गोळी सगळेच काढतात, तूही काढशील, पण चाळीस प्रॉडक्टची यादी छापू नकोस. आठ पुरेत. छापलेली फॉइल उरते, आणि ती तुझ्याच नावावर पडून राहते.

कारखाना दुसऱ्याचा म्हणून जबाबदारीही त्याचीच, असं आता नाही. 1 मार्च 2021 पासून मार्केटिंग करणाराही दर्जाला कायद्याने बांधील आहे. सिरप काढलंस तर डायएथिलीन ग्लायकॉल या विषाची तपासणी झाल्याचं कागदावर माग. तोंडी ‘हो साहेब’ चालणार नाही.

आता पैशाचं. एमआरपी 100 रुपये धर. 5 टक्के जीएसटी, केमिस्टचे 20 टक्के, स्टॉकिस्टचे, म्हणजे घाऊक विक्रेत्याचे, 10 टक्के वजा जाता तुझ्या हाती साडेअडुसष्टच्या आसपास येतात. त्यावर 10+1 ची स्कीम, म्हणजे दहावर एक फुकट, दिलीस की 62. यातच माल, भाडं, पोरांचे पगार आणि डॉक्टरांकडच्या फेऱ्या. शेड्यूल्ड, म्हणजे सरकारी यादीतलं, औषध असेल तर किमतीला सरकारची कमाल मर्यादा आहे, तिथे हिशेब आणखी आवळतो.

पहिल्या वर्षी मार्चअखेरीला आकडा फुगवायच्या हौसेने मी एका स्टॉकिस्टाकडे खोकल्याचं सिरप ओतलं. 90 दिवसांची उधारी, वर स्कीम. घरी पेढे वाटले! पावसाळ्यात फिरलो तर खोकी तशीच, दोरीसुद्धा सुटलेली नाही. पुढे एक्सपायरी होऊन माल परत आला, स्कीमच्या बाटल्यांसकट, आणि क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची वजावट, मात्र त्याने पूर्ण मागितली. बाटल्या नष्ट करायचा खर्चही माझाच. त्याचा दोष नव्हता म्हणा. त्याने थोडाच मागितला होता?

तेव्हापासून मी स्टॉकिस्टाचं बिल बघून खूश होत नाही. केमिस्टच्या काउंटरवर उभा राहतो. पाचोऱ्याचा एखादा केमिस्ट सांगतो, ‘तुमचं जातंय, पण त्या एकाच डॉक्टरच्या चिठ्ठीवर.’ तो डॉक्टर महिनाभर गावाला गेला तर काय होईल, ते लगेच समजतं.

तीन महिने झाले की घरी ये. सेकंडरीचा, म्हणजे स्टॉकिस्टाकडून केमिस्टकडे गेलेल्या मालाचा, कागद घेऊन ये. प्रायमरीचा, तू स्टॉकिस्टाला विकलेल्या मालाचा, मी बघणार नाही.

तुझा,
काका