शिकवायचं की परराष्ट्र सेवेत जायचं? मुलीने एकच काहीतरी धरावं का?

तुमची भाची बेळगावात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला प्राध्यापकीही आवडते आणि परराष्ट्र सेवाही खुणावते, आणि घरचे म्हणतात, ‘एक काय ते ठरव, शिवाय लग्नाचं काय?’ मी खानापुरात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले, म्हणून लिहिते. एवढी घाई कशाला? आधी तिला हंसा मेहतांबद्दल वाचू दे.

हंसाबेन १८९७ साली सुरतेत जन्मल्या. वडील बडोद्याचे दिवाण. नागर ब्राह्मणांच्या या मुलीने वाणी समाजातल्या डॉ. जीवराज मेहतांशी लग्न केलं तेव्हा जातीत गहजब झाला, पण सयाजीराव महाराज पाठीशी राहिले. १९३७ नंतर त्या मुंबईच्या विधान परिषदेत होत्या. आपला जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे तशा आपल्याच सभागृहातल्या की!

अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष असताना स्त्रियांच्या हक्कांची सनद तयार करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. मग संविधान सभा. आणि १९४७-४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी. अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट सोडल्या तर तिथे दुसरी बाई नव्हती. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असं वाचता येईल अशी शब्दयोजना होती, तिच्या जागी ‘सर्व मानव’ आलं, त्याचं श्रेय त्यांना दिलं जातं.

त्यानंतर काय केलं? तर १९४९ मध्ये बडोद्याच्या नव्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. मुलं-मुली एकत्र शिकणाऱ्या भारतीय विद्यापीठाच्या पहिल्या महिला कुलगुरू. चित्रकार ना. श्री. बेंद्रे ज्या ललित कला शाखेत शिकवत, ती त्यांच्याच काळात उभी राहिली. तिथून १९५८ मध्ये युनेस्कोच्या कार्यकारी मंडळावर. म्हणजे हे दोन रस्ते त्यांनी वेगळे मानलेच नाहीत.

माझ्या मते त्यांचं खरं बळ होतं मसुदा लिहिण्यात. आपल्याकडे मुलींना वक्तृत्व स्पर्धेला उभं करतात, ढाली आणतात, पण ठराव कसा लिहायचा, हरकत कागदावर कशी मांडायची, हे कोण शिकवतं? उलट सीमाभागातल्या पोरी हे घरीच शिकतात. आजीची पेन्शन अडली की नात तहसीलदार कचेरीत जाते, आजीचं गाऱ्हाणं मराठीत ऐकते आणि अर्ज कन्नडमध्ये लिहिते. आजी दहा गोष्टी सांगते, अर्जात त्यातल्या दोनच घालायच्या असतात. भाचीने असे अर्ज लिहिले असतील तर तिला कमी लेखू नका.

लग्नाचं म्हणाल, तर कोडगूच्या सी. बी. मुथम्मा. १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला अधिकारी. तेव्हा नियमच होता की बाईने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असं वाटलं तर सरकार राजीनामा मागू शकत होतं. बढती नाकारली तेव्हा मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सुनावणीच्या काळात सरकारने बढती दिली, म्हणून याचिका निकालात निघाली, पण न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७९ च्या निकालात या नियमांवर कडक ताशेरे ओढले. निकाल छोटा आहे आणि नेटवर फुकट मिळतो.

आणि हो, परराष्ट्र सेवेत जायला जी यूपीएससीची परीक्षा द्यावी लागते, तिची मुख्य परीक्षा मराठीतून देता येते. इंग्रजीचा पेपर फक्त पास होण्यापुरता, पण तो बुडाला तर बाकीच्या पेपरांचे गुण धरतच नाहीत. तयारी तिथून सुरू करायला सांगा.