सगळ्यांत बोलतं, एकटं गप्प

प्रश्न : पहिलीत २३ मुलं आहेत. बडबडगीतं एका सुरात छान म्हणतात, पण एकेकाला उभं केलं की मान खाली. दोघं-तिघं तर गोष्टीकडंही लक्ष देत नाहीत. काय करावं? – एक शिक्षिका, ता. खटाव, जि. सातारा

उत्तर : बाई, त्या एका सुरावर जाऊ नका. नीट कान दिलात तर तीन-चार मुलं खरी म्हणत असतात, बाकीची अर्धं अक्षर मागून ओढतात. आणि उभं करणं आधी थांबवा. सहा-सहाचे गट करा, रोज एका गटासोबत दहा मिनिटं खाली गोलात बसा. तोवर बाकीच्यांना चित्रं, माती.

चित्र दाखवून विचारलं, ‘हा कोण?’ मूल म्हणतं, ‘बैल.’ संपलं बोलणं! त्यापेक्षा ‘बेंदराला बैलाला काय काय केलं?’ विचारा. (पुस्तकात ‘पोळा’ असला तरी आपल्याकडं बेंदूरच.) विचारलं की मनात पाच अंक मोजा. बहुतेकांचं इथंच चुकतं. मूल गप्प दिसलं की आपण शब्द फिरवून पुन्हा विचारतो, आणि त्याला जुळवाजुळव पहिल्यापासून करावी लागते. ‘पानी पिलो’ म्हणाला तर ‘पाणी म्हण’ असं टोकू नका, ‘पाणी प्यायलास? कुठल्या टाकीवर?’ एवढं पुरे. घरची बोली ही चूक नव्हे.

ऐकण्यासाठी दोघांना पाठीला पाठ लावून बसवा. दोघांकडं सारख्याच तीन वस्तू : खडा, चिंचोका, काडेपेटी. एकानं मांडून सांगायचं, दुसऱ्यानं ऐकून तसंच मांडायचं. आधी ‘हे इथं ठेव’ असंच चालेल. मांडणी फसली की ‘काडेपेटीच्या वर’, ‘खड्याच्या शेजारी’ आपोआप येतं. डावं-उजवं एवढ्यात नको, या वयात ते कच्चंच असतं.

लक्ष न देणाऱ्यांचे कान मात्र तपासून घ्या. तोंडाकडं टक लावणारं, सारखं ‘आं?’ करणारं मूल हट्टी नसतं. सर्दीनंतर पडद्यामागं पाणी साचलं तरी कमी ऐकू येतं. सरकारी बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, मुलांची तब्येत तपासणारं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, तोवर थांबू नका. घरी कानात तेल घालत असतील तर ते बंद करायला सांगा.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे, ‘र’ला ‘ल’ म्हणतो. – एक आई, तासगाव, जि. सांगली

उत्तर : ‘र’ उशिराच जमतो, आणखी वर्ष-दोन वर्षं वाट बघायला हरकत नाही. चारचौघांत ‘राजा म्हणून दाखव’ एवढं करू नका. पण परक्या माणसाला त्याचं बरंचसं बोलणं कळत नसेल, तर वाचातज्ज्ञांना आत्ताच दाखवा.