रोझरीत डोळा लागतो, मग माझी श्रद्धा कसली?

"बाय, तिसऱ्या रहस्याला माझा डोळा लागतो. सून कोपरानं ढोसते. देवाला काय वाटत असेल?"

रहस्य म्हणजे रोझरीचा, कॅथलिकांच्या जपमाळेच्या प्रार्थनेचा, एक टप्पा. वसईतल्या एका चर्चच्या आवारातल्या खोलीत मी शनिवारी दुपारी समुपदेशनाला बसते. तिथे दारू, जमिनीची भांडणं, परदेशात गेलेली मुलं हे सगळं येतंच. पण त्याच्या आड बऱ्याचदा ही दुसरी तक्रार असते: मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवत नाही, शुभवर्तमान (बायबलमधली येशूची कथा आणि शिकवण) ऐकते, पण सोमवारी सकाळी त्यातलं काही हाताला लागत नाही, मी ढोंगी आहे का? पुष्कळजण हे पापनिवेदनात फादरना सांगतात आणि तिथून माझ्याकडे येतात. पापनिवेदन आणि समुपदेशन यांत मी गल्लत करत नाही. पापाची क्षमा हे माझं काम नाही; थकव्याला कोणी पाप म्हणत असेल, तर ते वेगळं करून दाखवणं मात्र माझं आहे.

या मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या, किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातल्या. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांची बोली मला लिहायला जमणार नाही, म्हणून माझ्याच मराठीत.

जानेवारी २०२५मध्ये त्या पहिल्यांदा आल्या. पहाटे साडेतीनला उठायचं, बंदरावर मासळी घ्यायची, पाटी रिक्षात टाकून बाजार गाठायचा, दुपारी घरी येऊन वाळत घातलेले बोंबील बघायचे, रात्री साडेआठला रोझरी. मी आधी झोपेचं, भुकेचं, जगावंसं वाटतं का याचं विचारलं आणि त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. रक्त कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. श्रद्धेच्या तक्रारीत शरीर विसरायचं नाही, हे मी ठेच खाऊन शिकले आहे.

मग एक चूक केली. बाराव्या शतकात गुईगो नावाच्या कार्थुसियन मठवासीनं पवित्र वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे तो चावणं, असा त्याचा दाखला. मला तो फार आवडतो. त्या उत्साहात मी मावशींना रोज वीस मिनिटं बायबल घेऊन बसायला सांगितलं. चौथीपर्यंत शिकलेल्या, संध्याकाळी डोळ्यांपुढे अक्षरं नाचणाऱ्या बाईला! त्या महिन्यानं आल्या त्या आणखी खचून. "आता रोझरीत पण झोपते आणि बायबल घेऊन पण झोपते." गुईगोच्या मठात पहाटे बोंबलाचा लिलाव नव्हता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्यांना मी फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातल्या संत तेरेझाचं सांगितलं. तिलाही प्रार्थनेच्या वेळी झोप लागायची आणि तिनं त्याचा बाऊ केला नाही. लेकरू झोपलेलं असो की जागं, आईबापांना सारखंच आवडतं, असं ती म्हणायची. १९९७मध्ये ख्रिस्तसभेनं तिला धर्मपंडिता म्हणून गौरवलं. मावशी हसल्या, पण समाधान झालं नाही. "ती मठात होती. मी बाजारात. बाजारात कुठला देव?"

मी म्हटलं, आपल्या वसईत जन्मलेला संत गोन्सालो गार्सिया मठात जाण्यापूर्वी व्यापारीच होता. जपानकडच्या व्यापारात त्याचा जम बसला होता. पुढे तो फ्रान्सिस्कन बंधू झाला, १५९७मध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाला आणि १८६२मध्ये संत म्हणून घोषित झाला.

"तो मासळी विकत नव्हता ना पण!"

यावर मला उत्तर सुचलं नाही. म्हणून विचारलं, गेल्या रविवारच्या मिस्सेतलं काय आठवतं? प्रवचनातलं काहीच नाही. वाचनातला एक शब्द मात्र होता: शीग. २०२५ हे रविवारच्या वाचनांत लूकचं, म्हणजे बायबलमधल्या चार शुभवर्तमानांपैकी लूकनं लिहिलेल्याचं, वर्ष होतं. २३ फेब्रुवारीला सहाव्या अध्यायातला उतारा होता: द्या म्हणजे तुम्हांला दिलं जाईल, चांगलं माप, दाबून, हालवून, शीग भरून तुमच्या पदरात घातलं जाईल.

"बाय, हे सुक्या जवळ्याचं माप आहे," मावशी म्हणाल्या. मग पंधरा मिनिटं त्या बोलत होत्या आणि मी शिकत होते. जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, हलका. मापात अलगद सोडला की मधे हवा राहते, वर शीग झकास दिसते, गिऱ्हाईक खूश. तेच माप दोनदा हालवून, हातानं दाबलं की जवळा खाली बसतो आणि आणखी मूठभर मावतो. "ज्यानं हे सांगितलं तो बाजारात उभा राहिलेला असणार. नाहीतर त्याला हालवायचं कसं कळलं?"

गुईगोनं सांगितलेलं चावणं ते हेच, आणि त्या ते पुस्तकाशिवाय करत होत्या. वीस मिनिटांचा गृहपाठ मी तिथेच रद्द केला. रविवारी जो शब्द कानात अडकेल तो आठवडाभर पाटीबरोबर न्यायचा, एवढंच ठरलं. अडकला नाही तर नाही.

पुढच्या भेटीत कळलं, त्यांनी माप दाबून द्यायला सुरुवात केली होती. शेजारची विक्रेती चिडली आणि गल्लाही कमी भरला. "घर चालवायचंय बाय, मी पुन्हा सैल भरते झाले. आता कम्युनियन घेऊ का नको?" कम्युनियनचं, म्हणजे मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीचं, फादरना विचारा, असं म्हटलं. मापाबद्दल मात्र मी हिशोबाला बसले. भरलेलं माप द्यायचं म्हणजे नुकसान सोसायचं, असं कुणी सांगितलं? भाव थोडा वाढवायचा आणि गिऱ्हाईकाला सरळ सांगायचं की दाबून देते म्हणून जास्त घेते. शुभवर्तमान जगण्याच्या नादात बायकांनी स्वतःच्या पोटाला चिमटा काढावा, अशी अपेक्षा घरचेच ठेवतात. त्या अपेक्षेवर माझा राग आहे, तो इथे लपवत नाही.

खरी गाठ निघाली ती मार्चमध्ये, आणि ती माझ्या हातून निघाली नाही. मावशींची सून दर गुरुवारी प्रार्थना-गटाला जाते आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोजचं शुभवर्तमान टाकते. मावशी ते न उघडता अंगठा दाखवायच्या. "हिची भक्ती मोबाईलवर, आणि सिंकमधली भांडी कोणी घासायची?" हे वाक्य मी प्रत्येक भेटीत ऐकलं होतं. १७ मार्च, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यातला सोमवार. त्या दिवशी दर वर्षी लूकमधल्या त्याच ओळी वाचतात, छत्तीस ते अडतीस. सुनेच्या मेसेजमध्ये वरच "माप" दिसलं, म्हणून मावशींनी नातवाकडून तो वाचून घेतला.

शनिवारी आल्या त्या गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मापाच्या आधी दुसरंच लिहिलंय. दुसऱ्याचा न्याय करू नका, दोष लावू नका, क्षमा करा. मग माप. म्हणजे ते जवळ्याचं नव्हतंच?"

"जवळ्याचं पण असेल," मी म्हटलं. दोन्ही मापं एकाच हातात असतात, असं काहीतरी छान बोलायचा मोह झाला होता, गिळला. त्यांनीच पुढे स्वतःला विचारलं, सून गुरुवारी गटाला का जाते, हे आपण कधी तिला विचारलं का? विचारलं नव्हतं. विचारल्यावर कळलं ते त्या दोघींचं आहे, इथे लिहिणार नाही.

मे महिन्यात, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी चालू असताना, मावशी कागदी पुडा घेऊन आल्या. जूनपासून बोटी बंद, म्हणून वर्षाचा जवळा. पैसे घेईनात. "दाबून भरलाय. हालवायची गरज पडली नाही, रस्त्यानं रिक्षा एवढी हालली!"

झोपेचं विचारलं. रोझरीत अजून डोळा लागतो, पण आता सून ढोसत नाही, खांद्याखाली उशी सारते.

"आणि सुनेचं माप?"

"तिथं अजून हात आखडतो बाय," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून बंदराकडे निघाल्या.