‘गुंठामंत्री’ म्हटलं तर राग का यावा?

प्रश्न थोडक्यात असा : ‘आमच्या ऑफिसात हिंजवडीजवळच्या गावचा एक सहकारी आहे. त्याने नवी गाडी घेतली तेव्हा मी गमतीत त्याला गुंठामंत्री म्हटलं. तो हसला, पण तेव्हापासून तुटक वागतो. हा शब्द अपमानकारक आहे का? त्याऐवजी नवश्रीमंत म्हटलं असतं तर चाललं असतं का?’

आधी शब्द सोडवू. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. शेत सांगताना माणूस आधी एकर सांगतो, वरचे गुंठे मागून येतात. नुसत्या गुंठ्यांत बोलणं सुरू झालं की समजावं, शेताचे प्लॉट पडले. शेतजमिनीचे असे बारके तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. तरी शहरांच्या कडेकडेने ते पडतच राहिले, इतके की अशा वस्त्या नियमात बसवायला २००१ साली गुंठेवारीचा वेगळा कायदा करावा लागला. पुण्याभोवती आयटी कंपन्या आल्या, जमिनीचे भाव चढले आणि काही घरांत एकदम पैसा आला. पांढरे कपडे, गळ्यात जाड साखळी, काळ्या काचांची गाडी, चौकातल्या फ्लेक्सवर फोटो असं ज्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं, तो गुंठामंत्री.

शब्द म्हणून तो झकास आहे, हे मान्य करायलाच हवं. तेहतीस फुटांच्या तुकड्याला मंत्रिपद चिकटवलं आहे. माप चिमुकलं आणि पदवी भली मोठी. दीडशहाण्यातही मापाचीच खोडी आहे. अशा शब्दांत कौतुकाचा आव आणून माणसाची उंची मोजून दाखवलेली असते.

आता याच्याशेजारी ‘गर्भश्रीमंत’ ठेवून पाहा. जन्माला येण्यापलीकडे ज्याने काहीही केलेलं नाही, त्याच्यासाठी केवढा भारदस्त शब्द! आयत्या बिळावर नागोबा खरं तर तोच, पण ती म्हण आपण त्याला लावत नाही. त्याचा पैसा ‘पिढीजात’, घर ‘खानदानी’. ज्याच्याकडे परवा पैसा आला त्याच्या खिशात मात्र तो ‘खुळखुळतो’. हे क्रियापद मला फार बोलकं वाटतं. जुन्या घरातला पैसा कधी खुळखुळल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

याहून बारीक टोचणी ‘पण’मध्ये असते. ‘एवढा पैसा आला, पण पाय जमिनीवर आहेत हो.’ बोलणाऱ्याच्या मते ही स्तुती. ऐकणाऱ्याला कळतं की त्याचे पाय सुटण्याची वाट पाहिली जात होती. ‘गरीब आहे पण प्रामाणिक आहे’ हे त्याचंच भावंड. महत्त्वाकांक्षेचंही तसंच. मुलगा महत्त्वाकांक्षी असतो. मुलगी असली की मागे ‘जरा’ किंवा ‘फार’ लागतं आणि स्थळं सांगणारी मावशी आवाज उतरवते.

माझाही या शब्दाशी एक हिशेब आहे. काही वर्षांपूर्वी मी पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात भाड्याने राहत होतो. घरमालकांची जमीन बिल्डरने घेतली होती, बदल्यात त्यांना पैसे आणि चार फ्लॅट मिळाले होते. आम्ही भाडेकरू लिफ्टमध्ये त्यांना गुंठामंत्री म्हणायचो. एकदा दार उघडलं तर समोर तेच. रागावले नाहीत. म्हणाले, ‘साहेब, गुंठे आमचे गेले. त्याच्यावर तुमी ऱ्हाताय. मग मंत्री कोन?’ त्यांच्या आई संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसायच्या आणि कोणत्या गाडीखाली ज्वारी व्हायची, कोणत्या गाडीखाली विहीर होती, हे बोट करून सांगायच्या. तिसऱ्या खांबाशी विहीर. तिथे माझी स्कूटर असायची.

म्हणजे हा शब्द वापरूच नये का? गावातली पोरं एकमेकांना सर्रास म्हणतात. त्यांच्या तोंडी तो घरचा चिमटा असतो, कारण चिमटा घेणाऱ्याच्याही सातबाऱ्यावरचे गुंठे तसेच कमी झालेले असतात. जमिनीच्या पैशावर दादागिरी करणाऱ्याला कोणी तसं म्हटलं तर त्यालाही माझी हरकत नाही. तुमचा सहकारी मात्र तुमच्याच ऑफिसात, तुमच्यासारखीच नोकरी करतो. गाडी कदाचित पगारातून, हप्त्यांवर घेतली असेल. तुम्ही एका शब्दात ती नोकरी पुसून टाकलीत आणि गाडीचं बिल त्याच्या वडिलांच्या शेतावर फाडलंत.

‘नवश्रीमंत’ने काही वाचलं नसतं. तो छापील शब्द आहे, फ्रेंच ‘नूव्हो रिश’च्या वळणाचा, आणि त्यातलं ‘नव’ कौतुकाचं नाही. लेखात चालतो, तोंडावर लागतोच. ‘सधन’ आणि ‘सुखवस्तू’ हे निरुपद्रवी शब्द आहेत, पण गाडीच्या पेढ्यांसमोर उभं राहून ‘तू सधन आहेस’ असं कोणी म्हणत नाही. त्या वेळी म्हणायचं ते साधं आहे : ‘अभिनंदन! मायलेज किती देते?’ पेढे संपले असतील, पण मायलेजचं अजूनही विचारता येईल.