घार मांजर उचलून नेते का?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या पायथ्याला नवीन घर बांधलंय, दिवसभर डोक्यावर घारी फिरतात, आणि अंगणात एक बोका, एक मांजरी आणि तिची महिन्याची तीन पिल्लं असतात. घार त्यांना उचलून नेईल का आणि फटाके लावून घारी हाकलल्या तर चालेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

बोक्याची आणि मांजरीची घारीपासून काळजी करू नका. पिल्लांची करा, आणि आजपासूनच करा.

मी गोडोलीत राहते, अजिंक्यताऱ्याच्या अगदी पायथ्याशी. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात मांजर नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही. सकाळी ऊन तापलं की कड्याला लागून गरम हवा वर चढायला लागते आणि तिच्यावर घारी पंख न हलवता गोल गोल वर जातात. खालून बघणाऱ्याला वाटतं, हिची नजर आपल्याच अंगणावर आहे. नजर असतेच, पण ती मेलेला उंदीर, कोंबडीची आतडी, माशाची डोकी असलं आयतं काहीतरी शोधत असते. घारीचे पंख पसरले की साडेचार फूट भरतात, त्यामुळे ती फार मोठी दिसते. वजन मात्र ६०० ते ८०० ग्रॅम. तुमचा बोका चार किलोच्या आसपास असेल. स्वतःच्या पाचपट ओझं घेऊन कुठलाच पक्षी उडत नाही, आणि घारीला ते पक्कं कळतं.

महिन्याचं पिल्लू साधारण ४०० ग्रॅमचं असतं. तेही घारीला नीट पेलत नाही, पण ती झडप तर घालू शकते. आमच्या चिंगीचं तसंच झालं.

तेव्हा आमच्याकडे रविवारी मासे आणले की डोकी आणि पोटातली घाण गच्चीच्या कठड्यावर ठेवायची पद्धत होती. कावळे यायचे, घारी यायच्या, मुलांना बघायला मजा यायची. घारीला वेळ बरोबर लक्षात राहते. पुढे पुढे आम्ही मासे धुवायला घेतले की दोन घारी समोरच्या नारळावर येऊन बसायच्या. एका रविवारी मांजरी पिल्लाला घेऊन गच्चीवर आली आणि कठड्याखाली पडलेलं डोकं खात बसली. चिंगी तिच्या शेपटीशी खेळत होती. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते, चार हातांवर. वाऱ्याचा झोत आल्यासारखा आवाज झाला, मांजरी फिस्सकन उलटी उडाली आणि चिंगी जागेवर नव्हती. घारीला तिची पकड नीट बसली नव्हती. आठ-दहा फुटांवर शेजाऱ्यांच्या पत्र्यावर चिंगी धाडकन पडली.

जिवंत होती. केस बाजूला करून बघितलं तर पाठीवर टाचणी टोचल्यासारखी दोन भोकं, रक्ताचे दोन थेंब. मला वाटलं, निभावलं. हळद लावली आणि टोपलीत ठेवली. तिसऱ्या दिवशी तिची पाठ फुगली, अंग तापलं, दूध सोडलं. डॉक्टरांनी चिरून पू काढला तेव्हा ती वाचली. नखाचं भोक वरून लगेच मिटतं आणि घाण आत राहते. पक्ष्याचं नख लागलं असं नुसतं वाटलं तरी त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, ही माझी हात जोडून विनंती आहे. मी दोन दिवस वाया घालवले आणि ते त्या पिल्लानं भोगले.

चूक घारीची नव्हती. तिला गच्चीवर यायची सवय आम्हीच लावली होती. त्या दिवसापासून उघड्यावर एक काटाही टाकला नाही. महिनाभरात नारळावरची हजेरी बंद झाली. मांजरांना खाऊसुद्धा घरात किंवा छपराखाली घाला, आणि उरलेलं लगेच उचला.

पिल्लांसाठी सासूबाईंची युक्ती सांगते. कोंबडीची पिल्लं झाकायचं डालगं असतं ना, ते मांजरीच्या पिल्लांवर पालथं घालायचं आणि वर दगड ठेवायचा. ऊन, वारा, खेळ सगळं मिळतं आणि वरून काही येत नाही. मांजरीला पाजायला आत जाता येईल एवढी एक बाजू विटेवर उचलून ठेवा, पण ती बाजू भिंतीकडे असू द्या. तीन-साडेतीन महिने हे सांभाळलंत की पिल्लं चपळ होतात, अंगानं भरतात, आणि घारीचा प्रश्न संपतो.

आता बाकीचे पक्षी. कबुतराएवढा शिक्रा दिसेल, तो सरडे आणि चिमण्या धरतो. पांढरी, लाल डोळ्यांची कापशी हवेत एका जागी फडफडत उभी राहते, ती उंदरांची वैरीण. कासच्या बाजूला शीळ घालत फिरणारा सर्पगरुड नावाप्रमाणे सापांवर जगतो. यांच्यापैकी कुणी मांजराच्या वाटेला जात नाही. बोनेली गरुड मात्र ताकदीचा, ससा मारणारा, आणि तो डोंगरकड्यांचा रहिवासी आहे. तसंच शृंगी घुबड. ओढ्याकाठच्या खडकात बसतं, डोक्यावर कानांसारखे दोन तुरे, दिवेलागणीला घुमणारा खोल आवाज. हे दोघं अर्धवट वाढलेलं मांजर मारू शकतात. तुमचं घर डोंगराला लागून आहे म्हणून मुद्दाम सांगितलं.

पण खरं सांगू का, एवढ्या वर्षांत आमच्या मांजरांपैकी एकही पक्ष्यानं मारलेलं नाही. दोन गाडीखाली गेली, एक मोकाट कुत्र्यांनी फाडली, एक रात्रीतून नाहीशी झाली. तेव्हा आसपास बिबट्या फिरत होता. कराड-पाटणकडच्या उसात तर बिबटे पिल्लं वाढवतात, त्यांना कुत्रं आणि मांजर म्हणजे सोपं भक्ष्य. आणि पाचवी, आमची बुटकी, उंदराच्या औषधानं गेली. ते सगळ्यात वाईट होतं.

त्या वड्यांमधल्या औषधानं रक्त गोठायचं थांबतं. उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस सुस्त होऊन उघड्यावर हिंडतो. असा उंदीर मांजराला सहज सापडतो आणि घुबडालाही. बुटकीच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. यावर के जीवनसत्त्वाचा उपचार असतो, पण आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता. त्याच आठवड्यात मागच्या गोठ्याशी गव्हाणी घुबड मरून पडलेलं मिळालं, अंगावर एक जखम नाही. आळीत कुणी धान्याच्या खोलीत या वड्या टाकत असेल तर घरी जाऊन बोला. पिंजरा लावा म्हणावं, पाहिजे तर तुम्ही आणून द्या. मी चार घरांत नेऊन दिलेत.

फटाक्यांचं म्हणाल तर कृपा करून नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घारीला संरक्षण आहे, तिला इजा करणं किंवा घरटं पाडणं गुन्हा आहे. शिवाय फटाक्यानं आधी तुमचीच मांजरं घर सोडतील. थंडीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत जवळच्या झाडावर घरटं असलं तर घार माणसाच्या डोक्यावरही झेपावते. ती तेव्हा शिकार करत नसते, पिल्लं राखत असते. त्या दिवसांत गच्चीवर छत्री घेऊन जा, मांजरांना खाली ठेवा. जखमी घार किंवा घुबड सापडलं तर पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधार करून ठेवा, पाणी पाजत बसू नका, आणि वन विभागाला १९२६ वर फोन करा.

आणि ही पिल्लं अंगावरून सुटली की मांजरीची नसबंदी करून घ्या. दोन महिन्यांत ती परत विते, आणि दर खेपेला तीन-चार जीव उघड्यावर. बोक्याचीही करा, म्हणजे तो रात्री लांब भटकणार नाही.

रात्री दोघांना घरातच ठेवायचं. ओढून आणायची गरज पडत नाही. संध्याकाळचं जेवण दिवे लागायच्या आधी, रोज त्याच वेळी, दाराच्या आत घाला आणि मग दार लावा. आठ-दहा दिवसांत बोका आपणहून उंबऱ्यात येऊन बसायला लागेल.