नौदलाच्या तळाजवळ घर : कुठे आणि कुणाच्या सोयीने?

प्रश्न : माझे पती नौदलात पेटी ऑफिसर असून त्यांची विशाखापट्टणमहून गोव्यातील दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर बदली झाली आहे. ऑगस्टअखेर तेथे रुजू व्हायचे आहे. वरुणापुरीतील सरकारी निवासस्थानासाठी प्रतीक्षायादी असून क्रमांक लागेपर्यंत काही महिने भाड्याच्या घरात काढावे लागतील. घरात सहावीतील मुलगी, दुसरीतील मुलगा आणि दम्याचा त्रास असलेल्या सासूबाई आहेत. दोन्ही मुले येथे नेव्ही चिल्ड्रन स्कूलमध्ये शिकतात. माझे माहेर डिचोलीचे, त्यामुळे मुलांना घेऊन तोवर माहेरीच राहावे आणि पतींनी तळावर मेसमध्ये राहावे, असे आईचे म्हणणे आहे. पतींचे सहकारी भाडे कमी म्हणून झुआरीनगर सुचवतात, आणि माझा ओढा समुद्रामुळे बोगमाळोकडे आहे. काय करावे? (एक वाचक, विशाखापट्टणम)

उत्तर : आपल्या पत्रात राहायचे कुठे याचे तीन पर्याय आले आहेत, पण पती घरी नसतील तेव्हा काय, याचा उल्लेख एकदाही नाही. नौदलातील कुटुंबाने घर निवडताना दुसरा प्रश्न आधी सोडवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हंसा हा १९६४ पासून दाबोळीला असलेला नौदलाचा हवाई तळ. तेथील विमानपथके सरावासाठी विमानवाहू नौकांवर जातात, इतर तळांवर पाठवली जातात, आणि त्यांच्यासोबत देखभालीचा कर्मचारीवर्गही आठवडेच्या आठवडे बाहेर असतो. पतींना दुचाकीवरून पंधरा मिनिटे अधिक लागली तर फारसे बिघडत नाही. परंतु ते समुद्रावर असताना मध्यरात्री सासूबाईंना धाप लागली, किंवा मुलाला शाळेतून दुपारीच आणावे लागले, तर आपण एकट्याने किती वेळात कुठे पोहोचू शकता, यावर घराची जागा ठरली पाहिजे.

या कसोटीवर डिचोलीचा पर्याय आधी बाजूला ठेवावा लागतो, जरी आईच्या सूचनेमागची माया समजण्यासारखी असली तरी. डिचोलीहून दाबोळीला पणजी ओलांडून जावे-यावे लागते आणि जाऊन-येऊन सुमारे १०० किलोमीटरांचा प्रवास होतो. म्हणजे पतींची भेट सुटीच्या दिवसापुरती उरेल. त्याहून मोठी अडचण शाळेची आहे. मुलांना डिचोलीतील शाळेत घातले आणि चार-सहा महिन्यांत वरुणापुरीतील घर हाती आले, तर एकाच वर्षात त्यांची शाळा दोनदा बदलेल आणि कदाचित अभ्यासक्रमही. वास्कोत मांगोर हिलवर नेव्ही चिल्ड्रन स्कूल आहे, ते आपल्या मुलांच्या सध्याच्या शाळेप्रमाणेच केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न आहे, आणि पुढे ज्या वसाहतीत आपण राहायला जाणार तिच्याच परिसरात आहे. म्हणून शाळा पहिल्या दिवसापासून तीच धरावी आणि घर शाळेच्या टप्प्यात शोधावे. माहेरची सोबत शनिवार-रविवारी मिळतेच. वास्को-पणजी आणि पणजी-डिचोली अशा दोन बसगाड्यांत ते अंतर कापता येते.

झुआरीनगरला भाडे कमी असते, हे खरे. बिट्स पिलानीच्या गोवा संकुलामुळे आणि आसपासच्या कारखान्यांमुळे तेथे भाड्याच्या खोल्या पुष्कळ आहेत, परंतु त्या प्रामुख्याने विद्यार्थी आणि एकटे कामगार यांना डोळ्यांपुढे ठेवून बांधलेल्या असतात. अवजड वाहनांचा रस्ता जवळ, मुलांना शाळेला रोज वास्कोकडे यायचे आणि वृद्ध माणसाला संध्याकाळी पाय मोकळे करायला जागा नाही, असे ते ठिकाण आहे. दोघांचेच कुटुंब असते, तर मी हरकत घेतली नसती.

बोगमाळोविषयी थोडक्यात सांगते. किनारा सुरेख आहे आणि तळाच्या अगदी लगत आहे, पण वस्ती विरळ, दुकाने मोजकी आणि सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी. शिवाय किनाऱ्यालगतचे घर पावसाळ्यात सहज भाड्याने मिळते याचे कारण असे की, त्या काळात पर्यटक नसतात. ऑक्टोबरपासून हंगाम सुरू झाला की तेच घर दिवसाच्या दराने देणे मालकाला फायद्याचे ठरते. ऑगस्टमध्ये गोडीने दिलेली चावी दिवाळीत परत मागितली जाऊ नये, याची लेखी हमी मिळत नसेल तर समुद्र पाहायला रविवारी जावे, राहायला जाऊ नये.

आता खरी निवड उरते ती वास्को शहर, चिखली आणि आल्त दाबोळी यांत, आणि येथे दोन गैरसोयींपैकी एक पत्करावी लागेल. वास्को शहरात, विशेषतः बंदराच्या बाजूला, बायणा आणि सडा या भागांत, मुरगाव बंदरातील कोळसा हाताळणीमुळे उडणाऱ्या धुळीच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. सज्जावर आणि खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवले तर काळी पूड लागते, असे तेथील गृहिणी सांगतात. चिखली आणि दाबोळी बंदरापासून दूर आहेत, परंतु विमानतळाच्या जवळ आहेत, आणि लढाऊ विमान उड्डाण करताना होणारा आवाज प्रवासी विमानाच्या आवाजासारखा नसतो. मिग-२९के वर चढताना घरातील संभाषण थांबवावे लागते. घरात तान्हे मूल असते, तर कदाचित मी आवाजापासून लांब जाण्याचा सल्ला दिला असता. आपल्या घरात मात्र दम्याचा रुग्ण आहे. आवाजाची काही आठवड्यांत सवय होते, निदान त्याची वेळ ठरलेली असते; धुळीला वेळ नसते आणि दम्याला तिची सवय होत नाही. म्हणून मी चिखली सुचवीन. तेथे सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे, वास्कोची बाजारपेठ जवळ आहे, नौदलाचे आयएनएचएस जीवंती हे रुग्णालयही वास्कोतच आहे, आणि गंभीर प्रसंगी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे जायला जुवारीवरील नवा पूल उपयोगी पडतो. जीवंतीमध्ये उपचार मिळण्यासाठी सासूबाईंची आश्रित म्हणून नोंद झालेली असणे आवश्यक आहे. ती झाली आहे ना, आणि त्यांचे जुने वैद्यकीय कागद सामानाच्या ट्रकमध्ये न जाता हातातील पिशवीत आहेत ना, हे विशाखापट्टणम सोडण्यापूर्वीच पाहावे.

घर पाहायला जाण्याची वेळही विचारपूर्वक निवडावी. कामाच्या दिवशी सकाळची वेळ दाबोळीच्या धावपट्टीवर नौदलाच्या सरावासाठी राखलेली असते, त्यामुळे रविवारी दुपारी शांत वाटलेले घर मंगळवारी सकाळी दहा वाजता वेगळेच भासते. पतींनी आधी एकट्याने येऊन, निदान एक कामाची सकाळ त्या इमारतीत काढावी. आपण पावसाळ्यात येत आहात याची बहुतेकांना चिंता वाटते, मला मात्र तो लाभ वाटतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये घर आपले दोष लपवू शकत नाही. पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावून ओल पाहावी. कपाटे भिंतीपासून सरकवून मागे बुरशी आहे का ते पाहावे, कारण दम्याच्या दृष्टीने बुरशी धुळीइतकीच वाईट. नव्याने रंग दिलेली एकच भिंत दिसली, तर ती का रंगवली हे विचारावे. वरच्या मजल्याचे घर असेल, तर गच्चीवर पत्र्याचे छप्पर आहे की नाही हे महत्त्वाचे ठरते. नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ येते, साठवणीची टाकी किती मोठी आहे आणि पंप चालवण्याची जबाबदारी कुणाची, हे मालकापेक्षा शेजारच्या बिऱ्हाडाला विचारलेले बरे.

पैशांचे गणित असे. घरभाडे भत्त्यासाठी गोव्याला केंद्र सरकारच्या विशेष आदेशानुसार वाय, म्हणजे मधल्या, वर्गातील शहरांचा दर लागू होतो, आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यानंतर, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, तो दर मूळ वेतनाच्या २० टक्के आहे. निवासस्थान उपलब्ध नसल्याचा दाखला युनिटमधून वेळेवर घ्यावा, आणि नंतर वाट्याला आलेले निवासस्थान नाकारल्यास भत्त्याचे काय होते, हेही तेथेच विचारून घ्यावे. प्रतीक्षायादीत नाव नोंदवण्याचे काम रुजू होताच करावे; घर मनासारखे मिळाले म्हणून ते लांबणीवर टाकण्याची चूक अनेक कुटुंबे करतात. भाडेकरार साधारणतः अकरा महिन्यांचा होतो. त्यात सरकारी निवासस्थान मिळाल्यास एक महिन्याच्या सूचनेवर घर सोडता येईल आणि अनामत रक्कम पूर्ण परत मिळेल, असे कलम घालायला सांगावे. वास्को परिसरातील मालकांना ही मागणी नवी नसते. या कलमाला ठाम नकार देणारा मालक पुढे इतर बाबतींतही अडवणूक करील, असे समजायला हरकत नाही.

प्रश्न : माझे पती वेरे येथील नेव्हल वॉर कॉलेजमध्ये नेमणुकीवर आले आहेत आणि मला वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळाली आहे. मूल नाही. पर्वरीला राहावे की मडगावला? (एक वाचक, पुणे)

उत्तर : यांपैकी कोणतेही गाव घेतले तरी एकाला रोजचा मोठा प्रवास आणि दुसऱ्याला जवळजवळ शून्य, अशी वाटणी होते, आणि ती संसारात फार काळ पचत नाही. बांबोळी किंवा सांताक्रूझ पाहावे. तेथून वेर्ण्याकडचा रस्ता सरळ राष्ट्रीय महामार्गाने आगशी, जुवारी पूल आणि कुठ्ठाळी असा जातो. जुवारीवरील नव्या पुलाचा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरा डिसेंबर २०२३ मध्ये खुला झाल्यापासून त्या टप्प्यातील पूर्वीची कोंडी पुष्कळ कमी झाली आहे. याआधी मी कुणालाही नदीच्या एका तीरावर राहून दुसऱ्या तीरावर नोकरी करण्याचा सल्ला दिला नसता. पतींना मांडवी ओलांडून वेऱ्याला जायचे आहे. ते दुचाकीने जाणार असतील, तर मांडवीवरील नव्या पुलावर, म्हणजे अटल सेतूवर, दुचाकींना मनाई आहे, हे लक्षात ठेवून जुन्या पुलांचा वेळ धरावा. पणजीहून बेतीला जाणारी फेरीबोट हा पर्याय अनेक जण आवडीने वापरतात, आणि बेतीहून वेरे जवळच आहे. कंपनीची बस महामार्गावर आपल्याला कोणत्या थांब्यावर घेते, हे वेर्ण्याच्या कार्यालयात आधी विचारून त्या थांब्याच्या चालत्या अंतरात घर शोधले, तर आपला प्रवास सुसह्य होईल. बांबोळीला लष्कराची छावणीही आहे. तेथील किंवा वेऱ्याच्या वसाहतीतील निवासस्थानाची शक्यता पतींनी तपासावी, परंतु केवळ सरकारी घर मिळते म्हणून आपण वेऱ्यातून रोज वेर्ण्याला जाण्याचे ठरवत असाल, तर आधी महिनाभर तसा प्रवास करून पाहावा.

प्रश्न : चिखलीत आमचा दोन खोल्यांचा सदनिका-संच रिकामा आहे. नौदलातील कुटुंबाला द्यावा असे वाटते, पण ते बदली झाली की मध्येच सोडून जातात असे ऐकतो. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : जातात, आणि जाताना बहुधा थकबाकी ठेवून जात नाहीत. बदलीचा आदेश दाखवल्यास एक महिन्याची सूचना पुरेशी मानली जाईल, असे करारात लिहून टाका. त्या बदल्यात अनामत रक्कम थोडी कमी घेतली, तर चांगले भाडेकरू तळावरील तोंडी शिफारशीवरूनच एकामागून एक येत राहतात. भाडेकरूच्या माहितीचा अर्ज पोलीस ठाण्यात देणे मात्र टाळू नका. भाडेकरू गणवेशातला आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही. प्रवेशाच्या दिवशी वीज आणि पाण्याच्या मीटरांचे आकडे दोघांच्या सहीने लिहून ठेवावेत, आणि पश्चिमेकडच्या खोलीची गळती मे महिन्यातच दुरुस्त करून घ्यावी.